आर्टिकलशिप (बेळगाव सीमाभाग)

सनदी लेखापाल (सीए) होऊ इच्छिणाऱ्याने व्यवसायातील सनदी लेखापालाच्या हाताखाली करारान्वये घ्यावयाचे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण. इंग्रजीत ‘आर्टिकल’ म्हणजे करारातील कलम. बेळगाव-निपाणीकडे मात्र ‘आर्टिकल’ म्हणजे तो विद्यार्थीच.

ही पद्धत पेढीवरील उमेदवारीचा विस्तार मानण्याकडे काहींचा कल असतो. मुनिमाशेजारी बसून किर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खात्यांची वही) व तेरीज (शिलकांचा ताळा) शिकण्याची रीत या भागातील बाजारपेठांत जुनीच आहे. तथापि लेखी करार, ठरावीक मुदत, नोंदणी आणि त्यापुढची परीक्षा ही चौकट ब्रिटिश वळणाची असून तेच मूळ अधिक ग्राह्य वाटते. मुंबईत सुमारे १९१८ पासून शासकीय लेखा पदविका (जी.डी.ए.) सुरू झाली; तीत मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप आवश्यक होती. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने येथील परंपरा या मुंबईच्या पदविकेशी जोडणे युक्त ठरते. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाने देशभर एकच व्यवस्था आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव म्हैसूर राज्यात (आताचे कर्नाटक) गेले. त्यामुळे आज येथील शाखा सनदी लेखापालांच्या संस्थेच्या (आयसीएआय) दक्षिण विभागात (चेन्नई) मोडते, तर शेजारच्या कोल्हापूरची पश्चिम विभागात (मुंबई).

मुदत पूर्वी तीन वर्षे होती. १ जुलै २०२३ पासून रुजू होणाऱ्यांना ती दोन वर्षे आहे. रुजू होण्याआधी इंटरमीजिएट या सीएच्या मधल्या परीक्षेचे दोन्ही गट उत्तीर्ण व्हावे लागतात. किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते.

सीमाभागातील आर्टिकलला एकाच कार्यालयात दोन राज्यांचे व्यवहार हाताळावे लागतात, आणि हे शिक्षण मोलाचे आहे. निपाणीहून कागलला गेलेला माल अंतराने जवळचा, पण बिलावर विक्रेत्याचा राज्यसंकेतांक २९ (कर्नाटक) व खरेदीदाराचा २७ (महाराष्ट्र) असल्याने त्यावर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरील वस्तू व सेवा कर, लागतो. तेथे राज्यांतर्गत विक्रीप्रमाणे राज्याचा व केंद्राचा जीएसटी निम्मा-निम्मा लावलेला दिसला की बिल बाजूला काढायचे, हे नवख्याला पहिल्या काही दिवसांतच शिकवतात. पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात ठराववही मराठीत, सहकार खात्याचे पत्र कन्नडमध्ये आणि अहवाल इंग्रजीत असा प्रसंग येतो. चिकोडी-अथणी पट्ट्यातील साखर कारखान्यांत ३१ मार्चच्या सुमारास गोदामातील थप्प्या मोजतात : लांबीची पोती गुणिले रुंदीची गुणिले थर. बाहेरून भरीव दिसणारी थप्पी आतून पोकळ नाही ना, हे पाहायला आर्टिकललाच वर चढावे लागते.