गाऱ्हाणे, ओवी आणि कादंबरी: कोकणातल्या कथापात्रांच्या दुःखाची पार्श्वभूमी

कोकणातल्या देवळात गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा ज्याचे दुःख असते तो बहुधा बोलत नाही. नारळ-विडा ठेवून तो हात जोडून उभा राहतो आणि त्याच्या वतीने दुसराच कोणी जाणता माणूस घरातले आजारपण, रखडलेले लग्न, परतून न आलेला मुलगा असे सारे देवाच्या कानावर घालतो. भोवतालची माणसे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. जात्यावरच्या ओवीची रीत याच्या उलट आहे. तिथे बाई स्वतःचे दुःख स्वतःच्या तोंडाने सांगते, पण पहाटेच्या त्या वेळी ऐकायला जात्याखेरीज सहसा कोणी नसते. पात्राचे दुःख कोणी सांगायचे, कोणाला आणि किती, हा कथालेखकाला पडणारा प्रश्न या दोन रीतींनी कादंबरी येण्याच्या कितीतरी आधी आपापल्या परीने सोडवला होता.

जुन्या काव्यशास्त्रातही त्याचे एक उत्तर आहे. करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली कायमची भावना, शोक. पण शोकाचे नाव घेतल्याने तो रसिकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाने रस किंवा भाव त्याच्याच शब्दाने सांगून टाकणे हा रसदोष मानला. नाट्यशास्त्राने अश्रूंबरोबरच स्तंभ (अंग ताठरणे), स्वरभेद (आवाज बदलणे), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे) असे आठ सात्त्विक भाव सांगितले, म्हणजे दुःख अंगावर कसे उमटते ते दाखवले. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात लिखित संहिता नसते. संवाद नटाला उभ्याउभ्या रचावे लागतात, आणि राजवाड्यातून हाकलल्या गेलेल्या राणीचा शोक स्त्रीपार्टी नट आधी खाली गेलेल्या आवाजातून आणि मग पदातून उभा करतो. तो स्वरभेदच होय, मग ती संज्ञा त्याने ऐकलेली असो वा नसो.

मराठी कादंबरीत मात्र सुरुवातीला बोलून दाखवण्याची निकड अधिक होती, आणि ती रास्त होती. 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिली, तेव्हा विधवेची कहाणी त्यांनी यमुनेच्याच तोंडी दिली. ज्यांना घरात बोलण्याची मुभा नव्हती त्यांना निदान पुस्तकात तरी बोलू द्यावे, ही त्यामागची निवड मला आजही फार मोलाची वाटते.

वि. स. खांडेकर 1920 ते 1938 या काळात कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या याच काळातल्या आहेत. त्यांच्याकडे दुःख सांगण्याचे काम पुष्कळदा निवेदकाकडे जाते. तो पात्राच्या यातनेला उपमा देतो, तिचा अर्थ लावतो, तिच्यावरून सुभाषित काढतो. ही गाऱ्हाण्याचीच रीत म्हणता येईल. वाचकाने त्या काळी मनापासून ‘व्हय’ म्हटले. पण पात्र स्वतः थोडे मागे हात जोडून उभे राहिले, असे मला वाटते. पुढे 1942 मध्ये बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ मध्ये संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे मनात विचार जसे येतात तसेच मांडण्याचा, प्रयोग केला आणि मनातली वाक्ये मोडकीतोडकी असू शकतात हे मराठीला दिसले.

दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांनी वेगळी वाट धरली. ‘गारंबीचा बापू’ (1952) मधला बापू गावाने हिणवलेला आहे, पण तो हिणवले जाण्याबद्दल फारसे बोलत बसत नाही. तो भांडतो, कष्टतो, गावाला नको ते हट्टाने करतो. ‘रथचक्र’ (1962) मध्ये नवरा घर सोडून गेलेली एकत्र कुटुंबातली बाई मुलांच्या शिक्षणासाठी झगडते. तिची वेदना तिच्या हट्टात आहे, कामाच्या रगाड्यात आहे.

याला कोकणातली घडणही कारण आहे. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि घरातला कारभार मनीऑर्डरीवर, अशा गावांत मागे राहिलेल्या बाईला रडायला सवड नव्हती. समजा, मे महिन्यात वाईट बातमीचे पत्र आले आणि अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून ठेवलेले आहेत. पाऊस यायच्या आत त्यांची सोले, म्हणजे साली, रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायलाच हवीत. ती पत्र कनवटीला खोचते आणि सोले उलटत राहते; संध्याकाळी कागदाची घडी लाल झालेली असते. इथे ‘तिचे काळीज फाटले’ हे वाक्य लेखकाने लिहिले, तर त्या घडीचा रंग वाया जातो.

चिं. त्र्यं. खानोलकर याही पुढे गेले. वेंगुर्ले तालुक्यात जन्मलेल्या आणि कुडाळला खानावळीच्या उत्पन्नावर चाललेल्या घरात वाढलेल्या या लेखकाने ‘रात्र काळी घागर काळी’ (1962) आणि ‘कोंडुरा’ (1966) मध्ये वासना, भय आणि अपराधभाव पात्राच्या आत कोंडून ठेवले नाहीत. ते समुद्राच्या गाजेत, देवळाच्या काळोखात, झाडापेडांत पसरले. पात्राला आपल्याला काय होते आहे हे धड कळत नाही, आणि लेखकही ते फोड करून सांगत नाही. ओवी म्हणणाऱ्या बाईसमोर निदान जाते होते. खानोलकरांच्या माणसासमोर कोण आहे, देव की त्याचेच भय, हे शेवटपर्यंत ठरत नाही.