मिशनऱ्याचे मूल आणि विस्थापिताचे मूल

मेळघाटात कोरकू वस्त्यांवर काम करणाऱ्या केरळी मिशनरी दांपत्याचा मुलगा आणि गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यातील बंगाली वसाहतीतली मुलगी, दोघेही घरात एक भाषा बोलतात आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, त्यामुळे दोघांनाही बाहेरून आलेल्यांच्या एकाच खात्यात टाकले जाते. त्यांच्या संगोपनातला पेच मात्र वेगवेगळा आहे.

बंगाली कुटुंबे पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आली आणि त्यांना परत जाण्यासाठी गावच उरले नाही. मुलीला घरची बांगला टिकवून मराठीतून शिकायचे आहे, पण ती इथलीच होणार याविषयी घरात कोणाला शंका नसते.

मिशनऱ्याच्या मुलाचे आयुष्य परतण्याच्या हिशेबाने आखलेले असते. रूथ आणि जॉन युसीम या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला आणि त्यातूनच अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा पुढे आली. पहिली संस्कृती आईवडिलांची, दुसरी यजमान प्रदेशाची आणि तिसरी, कामानिमित्त आलेल्यांनी या दोहोंच्या मध्ये घडवलेली.

धारणीच्या आठवडी बाजारात कोरकू सवंगड्यांबरोबर हिंडलेला हा मुलगा कोट्टयमला आजोळी गेला की खरी पंचाईत होते. चेहरा तिथलाच असल्यामुळे त्याला काही समजावून सांगावे असे कोणाला वाटत नाही. तो मल्याळम बोलतो पण वाचू शकत नाही, मामेभावंडांच्या थट्टेत तो मागे पडतो आणि चिडला की तोंडून वऱ्हाडी ‘काऊन?’ (का?) निघते. परक्या चेहऱ्याच्या पाहुण्याची जी चूक हसण्यावारी जाते, तीच याच्या बाबतीत आईच्या वळणावर येऊन ठेपते.

वसतिगृहाने हा गुंता सुटतो असे मला वाटत नाही. कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच निघाली. अशा शाळांत मुलांना शिक्षण चांगले मिळाले, पण आईवडिलांचे कामाचे गाव त्यांच्यासाठी सुट्टीपुरते राहिले. त्यापेक्षा निदान चौथीपर्यंत मूल जवळच्या जिल्हा परिषद शाळेत असावे, घरी मल्याळम वाचायला शिकवावे आणि बदली ठरताच ती त्याला सांगावी, म्हणजे सामान बांधण्यापूर्वी सवंगड्यांच्या घरी जाऊन निरोप घ्यायला त्याला सवड मिळेल.