डिजॉक्सिनच्या गोळीमागचा हिशेबी डॉक्टर

घरात हृदयाचं जुनं दुखणं असलेलं कुणी असेल, तर ‘पाच दिवस गोळी, शनिवार-रविवार सुट्टी’ हे पथ्य तुमच्या कानावरून गेलं असेल. ती गोळी बहुधा डिजॉक्सिनची. हे औषध अंगात साठत जातं, आणि गुण देणारी मात्रा व विष ठरणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर वर्षानुवर्षं ही सुट्टी सांगत आले. फॉक्सग्लव्ह नावाच्या ज्या वनस्पतीच्या कुळातून हे औषध आलं, तिच्या बाबतीत त्या थोड्या अंतराचा पहिला पद्धतशीर शोध घेतला तो इंग्लंडच्या डॉ. विल्यम विदरिंगने, तोही हृदयाचा आलेख, रक्ततपासणी, साधा स्टेथोस्कोपसुद्धा नसलेल्या काळात.

विदरिंगचा जन्म १७४१ चा, श्रॉपशर परगण्यातल्या वेलिंग्टन गावचा. एडिंबराला शिकून १७६६ मध्ये तो एम.डी. झाला. विद्यार्थिदशेत त्याला वनस्पतिशास्त्राचा मनस्वी कंटाळा. पुढे स्टॅफर्डला दवाखाना थाटल्यावर हेलेना कुक्स ही तरुणी रुग्ण म्हणून आली. तिला फुलांची चित्रं काढायचा नाद होता आणि डॉक्टरसाहेब तिच्यासाठी रानोमाळ फुलं गोळा करू लागले. १७७२ मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि १७७६ मध्ये या कंटाळलेल्या विद्यार्थ्याने ब्रिटनमधल्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ छापला. ग्रंथ बायकाही वाचणार, म्हणून फुलांच्या नर-मादी भागांचा उल्लेख त्यातून शिताफीने गाळला होता!

स्टॅफर्डमध्ये धंदा बेताचाच होता. १७७५ मध्ये बर्मिंगहॅमचे डॉ. स्मॉल वारले आणि त्यांच्या जागी येण्याचा सल्ला विदरिंगला इरॅस्मस डार्विनने दिला. हा डार्विन म्हणजे उत्क्रांतिवाल्या चार्ल्स डार्विनचा आजोबा, स्वतःही नावाजलेला डॉक्टर. बर्मिंगहॅम तेव्हा कारखान्यांनी गजबजत होतं. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट, कारखानदार बोल्टन, रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली ही मंडळी ‘ल्यूनर सोसायटी’त, म्हणजे ‘चांद्र मंडळा’त, जमत. घरी परतताना वाटेत उजेड असावा म्हणून बैठका पौर्णिमेच्या सुमारास होत. विदरिंगही त्यात सामील झाला.

त्याच १७७५ मध्ये त्याच्याकडे एक घरगुती काढा मत विचारायला आला. श्रॉपशरमधली एक म्हातारी तो गुप्तपणे देत असे आणि मोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले ड्रॉप्सीचे रोगी त्याने बरे होत. ड्रॉप्सी म्हणजे अंगात पाणी होणं: पाय सुजतात, पोट फुगतं, आडवं पडलं की दम लागतो. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. पण तो घेतल्यावर उलट्या-जुलाब होतात हे कळताच, यातली कामाची चीज फॉक्सग्लव्हच, हे विदरिंगने ताडलं. जांभळ्या, घंटेच्या आकाराच्या फुलांची ही वनस्पती इंग्लंडच्या बांधाबांधांवर उगवते. तिच्या मुळाने ऑक्सफर्डच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांची ड्रॉप्सी उतरल्याचंही त्याच्या कानावर आलं.

त्या म्हातारीला पुढे ‘मदर हटन’ असं नाव चिकटलं आणि डॉक्टर तिच्यामागे जडीबुटीच्या रहस्यासाठी फिरत असल्याची चित्रंही निघाली. हा सगळा मालमसाला विसाव्या शतकातल्या एका अमेरिकी औषध कंपनीच्या जाहिरातीतला. विदरिंगने ना तिचं नाव लिहिलंय, ना तिला भेटल्याचं.

झाडपाला ओळखणं ही तशी अर्धीच गोष्ट. फॉक्सग्लव्ह खेड्यापाड्यांत माहीत होतंच, आणि ते जहाल आहे हेही. खरी अडचण मात्रेची. विदरिंग गरिबांना फुकट तपासायचा, वर्षाला दोन-तीन हजार रोगी. त्यांच्यावर त्याने सुरुवातीला मात्रा फार मोठ्या आणि फार घाईघाईने दिल्या, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आज अशा प्रयोगाला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. मग त्याने एकेक गोष्ट पक्की केली. मुळाचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून पान घ्यायचं. तेही झाड फुलावर असताना. उकळल्याने गुणात फरक पडतो, म्हणून वाळवून पूड करायची. मोठ्या माणसाला एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. म्हणजे आजच्या मापात साधारण ६५ ते १९५ मिलिग्रॅम. लघवी वाढली, मळमळलं, नाडी मंदावली किंवा पोट बिघडलं, यातलं पहिलं काही दिसताच औषध बंद. जास्त झालं तर काय होतं तेही त्याने टिपलं: वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते, घाम फुटतो, झटके येतात, माणूस दगावतो.

दहा वर्षांच्या या नोंदी त्याने १७८५ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. निवडक यशस्वी रोगी दाखवून नाव कमावणं सोपं होतं, पण ते सत्याला धरून झालं नसतं, असं प्रस्तावनेत म्हणून त्याने फसलेले रोगीही यादीत घातले. माझ्या लेखी त्याचं मोठेपण फुलापेक्षा या यादीत जास्त आहे. त्याची नजरही बघा: नाडी ताठ आणि दोरीसारखी असलेल्या रोग्याला सहसा गुण येत नाही, नाडी क्षीण किंवा अडखळती, चेहरा फिकट, ओठ काळेनिळे असतील तर येतो. हे वर्णन आज वाचणाऱ्याला हृदय थकलेला रोगी लगेच ओळखू येईल. हृदयाच्या गतीवर या औषधाची विलक्षण सत्ता चालते, असं त्याने लिहिलंही, पण ड्रॉप्सीचं मूळ अनेकदा हृदयातच असतं, हा धागा त्याने जोडला नाही.

डार्विनशी मात्र बिनसलं. डार्विनचा डॉक्टरकी शिकणारा मुलगा १७७८ मध्ये वारला होता. त्याचा प्रबंध बापाने १७८० मध्ये छापला आणि त्याला फॉक्सग्लव्हच्या रोग्यांची पुरवणी जोडली. विदरिंगचा त्यात उल्लेख नाही. १७८५ मध्ये डार्विनने लंडनच्या वैद्यसभेपुढेही याच विषयावर निबंध पाठवला. ज्याने गावात आणलं त्यानेच श्रेयावर हात मारला, असं विदरिंगला वाटलं असेल तर नवल नाही. दोघांची मैत्री पुन्हा जुळली नाही.

उरलेलं आयुष्य क्षयाने पोखरलं. १७९१ च्या बर्मिंगहॅम दंगलीत प्रीस्टलीचं घर जाळलं गेलं. विदरिंगच्या एजबॅस्टन हॉल या घरावरही जमाव चालून आला, पण ते वाचलं. पुढचे दोन हिवाळे त्याने उबदार हवेसाठी पोर्तुगालच्या लिस्बनला काढले आणि तिथेही स्वस्थ न बसता कालदाशच्या गरम झऱ्यांच्या पाण्याचं पृथक्करण केलं. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी तो गेला. बेरियमच्या एका खनिजाला त्याच्यावरून विदराइट म्हणतात.

डिजॉक्सिन हा शुद्ध पदार्थ १९३० मध्ये लंडनच्या सिडनी स्मिथने फॉक्सग्लव्हच्याच एका लोकरी पानांच्या भावंडातून वेगळा केला. हृदय थकलेल्या ६,८०० रुग्णांवर झालेल्या या औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल १९९७ मध्ये आला: मृत्यू कमी झाले नाहीत, इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण मात्र घटलं. त्याच आकडेवारीची नंतर पुन्हा छाननी केली, तेव्हा रक्तात औषध कमी असलेल्या पुरुषांची तब्येत जास्त असलेल्यांपेक्षा चांगली राहिल्याचं दिसलं, आणि डॉक्टरांनी मात्रा आणखी खाली आणली.