'वंदा' नावाचं ऑर्किड, पण बांडगूळ नव्हे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या गॅलरीत लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत एक ऑर्किड टांगलंय. टोपलीत ना माती, ना काथ्या. पेन्सिलीएवढी जाड, पांढुरकी मुळं नुसती हवेत लोंबतात. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी विचारलं, "हे बांडगूळ कशाला पोसतेयस गं?"

काकूंची गल्लत जुनीच आहे. हे ऑर्किड 'वँडा' प्रजातीतलं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), आणि ते नाव आलं संस्कृत 'वंदा'वरून. वंदा म्हणजे बांडगूळ! संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द उचलला, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये तो वनस्पतिशास्त्रात रुजवला. पण खरं बांडगूळ आंब्याच्या फांदीत घुसून तिचा रस ओढतं. वँडा फांदीला नुसती धरून असते. पाणी पावसाचं, क्षार सालीवरून ओघळणारे.

सकाळी मी मुळांवर पाणी फवारते, तेव्हा बघत राहावंसं वाटतं. पांढरी मुळं बघता बघता हिरवीगार होतात. मुळावर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरड्या पेशींत हवा असते म्हणून तो चंदेरी दिसतो. पाणी भरलं की पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसतं. ही मुळं पानांसारखं अन्नही तयार करतात. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या जाड खोडात पाण्याचा साठा असतो, वँडाकडे तशी सोय नाही. एकच खोड सरळ वर वाढतं, दोन्ही बाजूंना चामड्यासारखी पानं. म्हणून पावसाळा सोडला तर पाणी रोज हवंच.

फुलाच्या ओठासारख्या पाकळीमागे लहानशी पोकळ सोंड असते. फुलाच्या मधोमध असलेल्या दांड्यावर, म्हणजे स्तंभावर, परागकण सुटे नसतात. त्यांचे दोन मेणचट गोळे कीटकाला चिकटून जातात. आपल्याकडच्या वँडा टेसेलाटाच्या पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि ओठ जांभळट निळा. माझ्या मते दुकानातल्या संकरित फुलांपेक्षा तीच देखणी.

ऑर्किडच्या नात्यांची फेरमांडणी मात्र अजून थांबलेली नाही. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल 'वँडा मिस जोकिम' आता पॅपिलिओनँथे प्रजातीत गेलंय. त्याची पानं पेन्सिलीसारखी गोल. उलट डीएनएच्या पुराव्यांनंतर २०१२ मध्ये अ‍ॅस्कोसेंट्रम ही अख्खी प्रजातीच वँडात सामावली. माझ्या टोपलीला नर्सरीतली चिठ्ठी अजून लटकतेय, 'अ‍ॅस्कोसेंडा', म्हणजे या दोन प्रजातींचा संकर. काल मी तिच्या मागच्या बाजूला 'वँडा' लिहिलं आणि काकूंना वाचून दाखवलं.