लो-व्हीओसी म्हणजे लो-एमिशन नव्हे: लाकडी फ्लोअरच्या पॉलिशचा नेहमीचा घोळ

घरात कुणी दमेकरी असतं, किंवा कुणाला थिनरच्या नुसत्या वासाने दिवसभर डोकं धरतं, आणि मग प्रश्न येतो की बेडरूमच्या लाकडी फ्लोअरला मारायचं काय. उत्तर ठरलेलं, "लो-व्हीओसी घ्या, झीरो मिळालं तर बेस्टच." दुकानदार तेच सांगतो, इंटिरियरवाला तेच सांगतो, डब्यावर हिरवं पान छापलेलं असतंच. हे उत्तर अर्धं आहे, आणि ज्याला खरंच त्रास होतो त्याच्यासाठी हे अर्धं उत्तर धोक्याचं आहे.

व्हीओसी बहुतेकांना माहितीये, त्यामुळे पटकन उरकतो. लिटरभर मालात उडून जाणारी सेंद्रिय रसायनं किती ग्रॅम, तो आकडा. थिनरवाल्या ऑइल-बेस्ड पीयूमध्ये (म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशमध्ये) साडेतीनशे-साडेचारशे ग्रॅम सहज असतात, वॉटर-बेस्डमध्ये बरेच कमी. झालं.

पण हा आकडा मुळात आला कशासाठी हे कुणी बघत नाही. लॉस एंजेलिससारख्या शहरांवर जे धुरकं साचायचं ते कमी करायला. म्हणून जे रसायन उन्हात धुरकं बनवत नाही त्याला अमेरिकेच्या नियमात सूट, अ‍ॅसिटोनला १९९५ पासून आहे, तुमचं डोकं त्याने दुखो वा न दुखो. मोजायची तिथली पद्धतही बघा: थोडा माल घ्यायचा, ११० डिग्रीला तासभर तापवायचा, वजन किती घटलं ते बघायचं, त्यातून पाणी आणि सूटवाली रसायनं वजा. या सगळ्यात तुमची बेडरूम कुठेच नाही, आणि जे उडालं ते नक्की कोणतं रसायन होतं हेही त्या एका आकड्यातून कळत नाही.

लो-एमिशन म्हणजे लावल्यावर खोलीच्या हवेत कमी रसायनं सुटणं, त्याची टेस्ट पूर्ण वेगळी. पॉलिश फळीवर किंवा काचेवर लावतात, ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक हवा खेळवलेल्या बंद पेटीत ठेवतात आणि काही दिवस गेल्यावर पेटीतल्या हवेत काय तरंगतंय ते एकेक रसायन ओळखून मोजतात. जर्मनीच्या एजीबीबी (घरबांधणीच्या मालाची आरोग्यासाठीची तपासणी) पद्धतीत ३ आणि २८ दिवसांनी बघतात. फ्रान्सच्या 'ए प्लस' लेबलला २८ दिवसांनी फॉर्मल्डिहाइड घनमीटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली लागतं, एकूण व्हीओसी १००० च्या खाली. थोडक्यात पहिला आकडा डब्याचा, दुसरा खोलीचा.

"मग डब्यात कमी असेल तर खोलीतही कमीच येणार ना?" नाही! सगळे इथेच घसरतात.

काही पॉलिशांमधून जे बाहेर पडतं ते डब्यात नसतंच, फ्लोअरवर तयार होतं. इडलीच्या तांदूळ-डाळीत आंबट वास नसतो, पीठ आंबल्यावर येतो, तसंच. उदाहरण घ्या जवसाचं तेल, सगळ्यांचं लाडकं 'नॅचरल' फिनिश. शुद्ध तेल, थिनर नाही, व्हीओसी जवळजवळ शून्य, आणि तापवून वजन करा तर घटायच्या ऐवजी वाढूही शकतं, कारण हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन ओढून घट्ट होतं. त्या रिअ‍ॅक्शनमध्ये तेलाचे लांब रेणू तुटतात आणि हेक्सॅनल, प्रोपॅनल असली अल्डिहाइडं सुटतात, आठवडेच्या आठवडे, आणि बंद खोलीत तर जास्तच जाणवतात. तो तेलकट, जुनाट, किंचित खवट वास तोच. धडधाकट माणसाला तो "लाकडाचा मस्त वास" वाटतो, नाजूक माणूस त्या खोलीत झोपू शकत नाही, आणि डब्यावर तर खरंच झीरो लिहिलेलं असतं, म्हणजे कुणी खोटंही बोललेलं नसतं. वर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते 'डबल बॉइल्ड', त्यात लवकर सुकायला धातूंचे ड्रायर घातलेले, तेव्हा 'फक्त तेल आहे' हेही सोडाच. (खोबरेल चोळा म्हणणारे वेगळेच. खोबरेल सुकतच नाही हो, नुसतं खवट होतं आणि धूळ धरतं.)

मेलामाइनचं तसंच. आपल्याकडे पॉलिशवाला येतो आणि "मेलामाइन मारू की पीयू?" एवढंच विचारतो, जणू फरक फक्त चकाकीचा आणि पैशांचा. मेलामाइन अ‍ॅसिडच्या जोरावर कडक होतं आणि कडक होता होता फॉर्मल्डिहाइड सोडतं, नंतरही बरेच दिवस सोडत राहतं. नाजूक माणसाच्या घरात ते नकोच, यावर मी वादही घालत नाही.

उलट उदाहरण चपडा लाखेचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली, म्हणजे व्हीओसीचा आकडा भयंकर, आणि लावताना वासाने जीव नकोसा होतो. पण ती फक्त स्पिरिट उडून सुकते, नवं काही बनत नाही, त्यामुळे स्पिरिट गेलं की मागे फारसं काही सुटत नाही. आकडा वाईट, खोली चांगली. फ्लोअरवर ती टिकत नाही, पाणी सांडलं की पांढरे डाग, म्हणून वरचा कोट म्हणून नको, पण आकड्यावर किती विसंबायचं ते यावरून कळतं.

मग घ्यायचं काय? माझं मत पक्कं आहे: सिंगल-कंपोनंट वॉटर-बेस्ड पीयू, ज्याच्याकडे २८ दिवसांचा एमिशन रिपोर्ट आहे. त्यातलं पीयू आधीच बनलेलं असतं, फ्लोअरवर मुख्यतः पाणी जातं आणि सोबतचे ग्लायकॉल ईथर नावाचे सॉल्व्हंट, त्यांचा जोर सुरुवातीच्या दिवसांत असतो आणि मग उतरत जातो. हार्डनर मिसळायचा टू-कंपोनंट प्रकार जास्त टणक असतो हे मान्य, पण त्या हार्डनरमध्ये बहुतेकदा आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि ते दम्याचं माहितीतलं कारण आहे, डब्यावर कितीही लो-व्हीओसी लिहिलेलं असो. नवीनच फ्लोअर टाकताय तर फॅक्टरीत यूव्हीखाली पक्क्या केलेल्या फळ्या घ्या, कडक व्हायचा सगळा कार्यक्रम तिकडेच उरकलेला असतो. रंग, मॅट की ग्लॉसी, ते आवडीप्रमाणे, त्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. 'सिट्रस ऑइल बेस' वाचून मात्र भुलू नका, त्यातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी भिडलं की फॉर्मल्डिहाइड बनतं.

रिपोर्ट असला तरी तो सरासरी माणसाचा. एका सुट्या फळीवर तितकेच कोट मारा, गॅलरीत तीनेक आठवडे ठेवा, मग झाकणाच्या मोठ्या काचेच्या बरणीत एक रात्र बंद करून सकाळी उघडा आणि ज्याला त्रास होतो त्यालाच लांबून हुंगू द्या. गंभीर दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. दोन तासांत हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं असं नसतं, वॉटर-बेस्डला पक्कं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि जुलैच्या दमट हवेत खिडक्या लावून हे काम काढूच नका.

आणि पॉलिशवाल्याला आधीच बजावा, सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायचा, पातळ करायला फक्त पाणी, ब्रश धुवायला थिनरची बाटली घरात आणायची नाही. तो "थोडासाच घालतो साहेब, फिनिशिंग येतं" म्हणणार, म्हणून त्या दिवशी घरी कुणीतरी थांबा.