स्प्रे कॅनचं क्लिअर आणि हार्डनरचं क्लिअर

घरी दुचाकी रंगवणारे बहुतेकजण रंगाच्या शेडवर डोकं खपवतात आणि रंगावरून मारायचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, दुकानदार देईल ते घेतात. खरा फरक त्या क्लिअरमध्येच आहे. स्प्रे कॅनमधलं साधं क्लिअर म्हणजे वन-के आणि हार्डनर मिसळून मारायचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर म्हणजे टू-के. मारलं त्या दिवशी दोन्ही सारखीच चमकतात, म्हणून फसायला होतं.

वन-के नुसतं वाळतं. त्यातला थिनर उडून जातो आणि मागे राळेचा थर राहतो. थिनर पुन्हा लागला की तो थर पुन्हा मऊ होतो. टू-केमध्ये हार्डनरची राळेशी रासायनिक क्रिया होते, सगळा थर एकमेकांत गुंफला जातो आणि मग तो सहजी विरघळत नाही. खानापूरकडच्या कुंभाराला हे समजवायला नको: कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, भट्टीतून निघालेलं विरघळत नाही.

परीक्षा होते पेट्रोल पंपावर. टाकी गळ्यापर्यंत भरली, नळी काढताना चार थेंब झाकणाखाली ओघळले आणि पोराने फडक्याने पुसले, की वन-के असेल तर तिथली चमक जाते. असं वरचेवर झालं की झाकणाभोवती सुरकुत्या पडतात, कडेने पापुद्रा सुटतो आणि फडक्याला रंग लागतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही अशा थराला मानवत नाही. म्हणून टाकीला टू-केच हवं, यात तडजोड नको. खालचा रंग कॅनचा असला तरी चालतो, फक्त क्लिअरचा पहिला हात अगदी हलका मारावा. सुरुवातीलाच ओला थर दिला तर खालचा रंग उचलतो, म्हणजे सुरकुततो.

साइड पॅनल, मडगार्ड, हेडलाइटचं कव्हर यांना वन-के पुरतं. खरचटलं तर तेवढीच जागा घासून पुन्हा मारता येते. प्लास्टिकला आधी प्लास्टिक प्रायमर मात्र लागतोच. त्याशिवाय मारलेला रंग नखाने सोलून निघतो.

बेळगावात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. दमट हवेत वन-केवर पांढरट धुकं येतं. टू-केचा हार्डनर तर ओलाव्याशीच क्रिया करतो. त्यामुळे थरात बुडबुडे येऊ शकतात आणि उघडा राहिलेला डबा घट्ट होऊन वाया जातो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. त्यातही सकाळचं दव उतरल्यावर सुरुवात करावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे थोड्याशानेही त्रास होतो. कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. घरात, माडीवर, पोरंबाळं जवळ असताना हे मारू नका. बुडाचं बटण दाबून हार्डनर सोडायचे टू-के कॅनही मिळतात, त्यांनाही हेच लागू. माझं स्पष्ट मत असं: घासणं, पुट्टी, प्रायमर, रंग घरी करा आणि टाकीचं क्लिअर तेवढं बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. टाकी नेण्याआधी पूर्ण रिकामी करून वाफ जाऊ द्या. परत आली की आठवडाभर झाकणाजवळ पेट्रोल सांडू देऊ नका, कारण तो थर हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो.

जुन्या गाडीवर काय मारलंय ते कळायला टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला थिनरचं फडकं हलकं घासा. थर चिकट झाला किंवा फडक्याला रंग आला तर वन-के. त्याच्यावर थेट टू-के मारायला जाऊ नका, आधी तो थर घासून काढा.