ऐकू येतं, पण कळत नाही

"आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत." लग्नाच्या पंगतीत बसलेल्या आजीची ही तक्रार. तपासणीत मात्र कान 'वयाच्या मानाने ठीक' निघतात, कारण तिथे बंद खोलीत, हेडफोन लावून, बारीकशी शिटी ऐकू आली की बटण दाबायचं असतं. बँडबाजा आणि शेजारच्या चार जणींच्या गप्पा त्या खोलीत नसतात.

या कोड्याचा अभ्यास सुरू होण्यामागे विमानतळाचाही हात होता. १९५०च्या सुमारास कंट्रोल टॉवरमध्ये अनेक वैमानिकांचे आवाज एकाच लाउडस्पीकरमधून येत आणि त्यांची सरमिसळ होई. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली या प्रश्नाला 'कॉकटेल पार्टी' हे नाव चिकटवलं. (आपल्याकडे 'पंगत' म्हटलं असतं तर जास्त शोभलं असतं.) त्यांनी माणसांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या कानात पुरुषाऐवजी बाई बोलू लागली तर लोकांना ते कळे. पण इंग्रजी सोडून जर्मन सुरू झाली, तरी पत्ता लागत नसे.

१९५८मध्ये डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी याचा अर्थ लावला: लक्ष ही एक चाळणी आहे, नको ते आधीच गाळलं जातं. पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे यांनी त्या चाळणीला भोक दाखवलं. दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं की साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू येई.

दुसरा धागा अंदाजाचा. 'गरम वरणभातावर साजूक तूप वाढ' यातलं तूप गोंगाटात बुडालं तरी कळतं. 'तिने तूप म्हटलं' यात मात्र ते धूपही असेल, सूपही. नेमका हाच फरक मोजणारी इंग्रजी वाक्यांची चाचणी १९७७मध्ये तयार झाली. म्हणजे कान अर्धवट देतो, उरलेलं डोकं भरतं.

हे भरणं फुकट होत नाही. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४मध्ये मांडलेली कार्यकारी स्मृती, म्हणजे आताच ऐकलेलं धरून ठेवून त्यावर काम करणारी जागा, त्यात खर्ची पडते. स्वीडनमध्ये येरकर रोनबेरी आणि सहकाऱ्यांनी २००० नंतर याच पायावर सिद्धांत उभा केला: शब्द स्वच्छ आला तर तो आपोआप ओळखला जातो, फाटका आला तर स्मृतीला राबावं लागतं. कॅनडातल्या १९९५च्या एका अभ्यासात गोंगाटात ऐकलेले शब्द ओळखता आले तरी नंतर कमी आठवले, आणि म्हाताऱ्यांना तर आणखी कमी.

म्हणून आजी मंगल कार्यालयातून घरी येते ती थकून, आणि कोण काय बोललं ते तिला धड आठवत नाही. कानाच्या यंत्राने आवाज वाढतो, पण बँडचाही वाढतो. त्यापेक्षा समोर बसून बोललेलं तिला जास्त कळतं. गोंगाट जितका मोठा, तितका बोलणाऱ्याच्या ओठांचा आधार मोलाचा, हे १९५४मध्येच मोजून झालं होतं.